खातं डिलीट केलं, तरी दुकानाकडे माझ्या पेमेंटची माहिती का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाच वर्षं एका ऑनलाइन कपड्यांच्या दुकानाच्या ग्राहक विभागात काम केलं. ‘माझी सगळी माहिती काढून टाका’ असे मेल माझ्याकडे यायचे. उत्तराचा मजकूर आधीच ठरलेला होता: “आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. काही माहिती कायदेशीर कारणांसाठी जतन केली जाईल.” कुठली माहिती, कुठला कायदा, किती वर्षं, याचा त्यात उल्लेख नव्हता. ग्राहकाने उलट विचारलं तर काय सांगायचं हे आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. एका बाईंनी तीन वेळा तोच प्रश्न विचारला आणि तिन्ही वेळा मी तोच मजकूर पाठवला. ते मनाला लागलं, म्हणून मी कायदे आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचायला घेतली. तेव्हा द्यायला हवी होती ती उत्तरं इथे देते आहे.

डिलीटची विनंती ‘पूर्ण झाली’ असा मेल आला. मग माझी माहिती अजून त्यांच्याकडे कशी?

कारण ‘माझी माहिती’ एका जागी नसतेच. तुम्ही लॉगिन करता ते खातं एका ठिकाणी असतं. तुमच्या खरेदीची बिलं हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. पैसे कसे आले याची नोंद पेमेंट कंपनीकडे असते आणि तिची एक प्रत दुकानाकडे. तुम्ही कधी काय परत केलं, कुठली तक्रार केली, हे ग्राहक विभागाच्या ‘तिकिटां’मध्ये, म्हणजे तक्रारींच्या नोंदींमध्ये असतं. तुमचा मोबाइल नंबर मेसेज पाठवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीकडे गेलेला असतो.

‘खातं डिलीट करा’ हे बटण दाबलं की बहुतेक वेळा यातलं फक्त पहिलं बंद होतं. ‘पूर्ण झाली’ हा मेल त्या एकाच गोष्टीबद्दल असतो. आमच्याकडे तर खातं बंद झाल्यावरही दिवाळी सेलचे मेसेज जात राहायचे, कारण ती यादी वेगळ्या माणसाच्या हातात होती.

यातल्या काही गोष्टी ठेवणं दुकानाला भाग आहे आणि काही ठेवायचा त्याला काहीही अधिकार नाही. पण दुकान दोन्हींना ‘कायदेशीर कारण’ हे एकच लेबल लावतं. माझं भांडण आहे ते या लेबलाशी.

कायदा खरंच त्यांना माहिती ठेवायला लावतो का?

बिलांच्या बाबतीत हो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची वह्या-कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ‘सहा वर्षं’ असं ऐकायला मिळतं, पण मोजणी खरेदीच्या तारखेपासून होत नाही. समजा, तुम्ही २०२४ च्या दिवाळीत एक पैठणी घेतली. ते बिल २०२४-२५ या आर्थिक वर्षातलं. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२५. तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०३१. पैठणीचं बिल सात वर्षांहून जास्त काळ दुकानाच्या दप्तरात राहणार आणि तुम्ही कितीही मेल लिहिलेत तरी त्यांना ते फाडता येणार नाही. मध्येच अपील किंवा चौकशी सुरू झाली, तर मुदत आणखी लांबते.

दुकान कंपनी म्हणून नोंदलेलं असेल तर कंपनी कायद्याचं कलम १२८ लागू होतं. त्यात हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायला सांगितली आहेत.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत. हिशेब तपासायला कागद लागतातच. पण हा कायदा काय ठेवायला सांगतो तेही नीट वाचा: बिल, वस्तू, रक्कम, कर, आणि लागू असेल तिथे ग्राहकाचं नाव-पत्ता. तुमच्या कार्डाचा नंबर, तुम्ही सेव्ह केलेलं कार्ड, जन्मतारीख, कुठल्या साड्या नुसत्या बघून सोडून दिल्यात त्याची यादी, यातलं काहीही जीएसटी अधिकारी मागत नाही.

म्हणजे कार्डाचा नंबर दुकानाकडे नसतोच?

भारतातल्या ऑनलाइन व्यवहारांत तो नसायलाच हवा. आधी असायचा. पूर्ण नंबर आणि मुदत संपण्याची तारीख दुकानांच्या सर्व्हरवर पडून असायची आणि पुढच्या खरेदीला फक्त सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला छोटा सुरक्षा कोड) आणि ओटीपी टाकला की काम व्हायचं. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट कंपन्यांसाठी नियम काढले आणि दुकानांनी कार्डाची माहिती साठवायची नाही असं ठरलं. दुकानांनी ‘तयारी नाही’ म्हणत मुदत वाढवून घेतली: जून २०२१ ची डिसेंबर २०२१ झाली, मग जून २०२२, मग सप्टेंबर २०२२. अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखं नेटवर्क सोडून कुणालाच कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. ओळख आणि हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव एवढं ठेवायची मुभा आहे.

सीव्हीव्हीची गोष्ट त्याहून कडक आहे. कार्ड उद्योगाच्या स्वतःच्या सुरक्षा नियमांनुसार व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही कुठेच ठेवता येत नाही. कुठल्याही दुकानाने, हॉटेलने किंवा ट्रॅव्हल एजंटने तो वहीत लिहून घेतला, तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

एक लक्षात ठेवा: हा नियम देशातल्या व्यवहारांसाठी आहे. परदेशी संकेतस्थळावर तुम्ही कार्ड सेव्ह केलं असेल, तर तिथे पूर्ण नंबर असू शकतो.

मग पेमेंटच्या पानावर माझं कार्ड दिसतं ते काय?

ते टोकन. तुम्ही ‘हे कार्ड सुरक्षित ठेवा’ या चौकटीत टिक केली आणि ओटीपी टाकला, की नेटवर्क किंवा बँक तुमच्या नंबराऐवजी एक वेगळाच नंबर तयार करून दुकानाच्या बाजूला देते. हा नंबर तुमचं ते कार्ड आणि ते दुकान या जोडीपुरताच असतो. एका दुकानातून चोरीला गेलेलं टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही. लग्नाच्या हॉलवर चपलांसाठी बिल्ला देतात, तसंच हे. दुसऱ्या हॉलवर तो बिल्ला दाखवून काही मिळत नाही.

पूर्वीपेक्षा हे कितीतरी बरं आहे, पण टोकन निरुपद्रवी आहे म्हणून ते कायम ठेवायला हरकत नाही, हे काही मला पटत नाही. टोकन म्हणजे तुम्ही दिलेली परवानगी आहे, आणि ती मागे घेतली की टोकन संपलं पाहिजे.

ती टिक नीट पाहा. घाईत पैसे भरताना ती आधीच लावलेली दिसली, तर काढा. टोकन तुमच्या स्पष्ट संमतीनेच बनलं पाहिजे, असा नियम आहे.

दुकान ऐकत नाही. टोकन मी स्वतः काढू शकते का?

हो. मी ज्यांना-ज्यांना हे सांगितलं, त्यांतल्या फार थोड्यांना ते आधी माहीत होतं. सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या बँकांना स्पष्ट सांगितलं आहे: कुठल्या-कुठल्या दुकानांकडे या कार्डाचं टोकन आहे याची यादी ग्राहकाला दिसली पाहिजे आणि त्यातलं कुठलंही टोकन त्याला रद्द करता आलं पाहिजे.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या विभागात जा. ‘टोकनायझेशन’, ‘टोकन मॅनेजमेंट’ किंवा ‘सेव्ह केलेली कार्डं’ असं काहीतरी नाव असतं, आणि ते बरंच आत लपवलेलं असतं. माझ्या कार्डाची यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा त्यात अकरा नावं होती. एक चार वर्षांपूर्वी आईसाठी गुडघ्याचा पट्टा मागवला होता त्या दुकानाचं. एक जेवण पोचवणाऱ्या ॲपचं, जे मी फोनमधून कधीच काढलं होतं. दोन नावं तर मला आठवलीच नाहीत. नऊ टोकनं काढायला दहा मिनिटं लागली आणि एकाही दुकानाला मेल लिहावा लागला नाही.

ॲपमध्ये सापडलं नाही तर बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करा. ‘अशी सोय नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

टोकन काढलं, खातं बंद केलं, तरी दर महिन्याला पैसे कापले जातात.

ती वेगळी गोष्ट: ई-मँडेट, म्हणजे दर महिन्याला ठरावीक पैसे कापायची परवानगी. खातं बंद केल्याने ती आपोआप रद्द होईल असं धरून चालू नका. कार्डावरच्या मँडेटसाठी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायलाच हवी. त्या मेसेजमध्ये व्यवहार थांबवण्याची सोय असते. १५,००० रुपयांपर्यंतच्या बहुतेक हप्त्यांना दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून हे पैसे गुपचूप जातात असं वाटतं. यूपीआय ऑटोपे असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये मँडेटची यादी असते. तिथून रद्द करा. आधी मँडेट, मग टोकन, शेवटी खातं, या क्रमाने गेलात तर मागे काही अडकत नाही.

परतावा किंवा वाद झाला तर त्यांना माहिती लागते, हे कारण खरं आहे का?

काही काळापुरतं खरं आहे. रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जायला हवा आणि त्यासाठी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लागतो. तुम्ही बँकेकडे ‘हा खर्च माझा नाही’ असा वाद घातला, तर दुकानाला माल पोचवल्याचा पुरावा द्यावा लागतो. असा वाद घालायला कार्ड नेटवर्क साधारण १२० दिवस देतात. काउंटरवरच्या स्वाइप मशीनमधून निघालेल्या स्लिपांच्या प्रतीही दुकानदाराला बँकेशी झालेल्या करारानुसार काही काळ सांभाळाव्या लागतात.

पण हे सगळं काही महिन्यांचं काम आहे आणि संदर्भ क्रमांकावर भागतं. तीन वर्षांपूर्वीच्या, परत न केलेल्या कुर्त्यासाठी ‘रिफंड प्रक्रियेकरिता’ पेमेंटचा तपशील ठेवला आहे, असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

बॅकअपमधून काढता येत नाही, असं ते म्हणाले.

तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य आहे. बॅकअप म्हणजे सगळ्या डेटाबेसची एकत्र बांधलेली गाठोडी. एका ग्राहकासाठी प्रत्येक गाठोडं सोडून पुन्हा बांधणं अवघड जातं. पण गाठोडी कायमची नसतात, ठरावीक दिवसांनी जुनी पुसून नवी घेतली जातात. म्हणून विचारायचं ते एवढंच: तुमचे बॅकअप किती दिवसांनी पुसले जातात, आणि मधल्या काळात जुना बॅकअप चढवावा लागला तर माझी माहिती पुन्हा काढणार का? ज्यांची व्यवस्था चोख आहे ते एका ओळीत उत्तर देतात.

खरं कारण काय? ते ठेवतातच कशाला?

मी आतून पाहिलं ते सांगते. वाईट हेतू क्वचित असतो. माहिती पुसायचं काम कुणाच्याच वाट्याला दिलेलं नसतं, हे मोठं कारण. नवीन ग्राहक आणणाऱ्याला बक्षीस असतं. जुनी नोंद पुसणाऱ्याला काहीच नसतं, उलट ‘हिशेबात फरक आला तर तू जबाबदार’ अशी भीती असते. साठवायला खर्च नगण्य, म्हणून ‘असू दे, लागेल कधीतरी’. शिवाय सेव्ह केलेलं कार्ड असलं की माणूस पटकन खरेदी करतो आणि कोण किती खर्च करतो यावरून ऑफर ठरतात. दुकानाचा नफा त्यात आहे.

‘लागेल कधीतरी’ची किंमत काय असते ते अमेरिकेतल्या टीजेएक्स या कंपनीने दाखवलं. सवलतीत कपडे विकणारी ही मोठी साखळी. जानेवारी २००७ मध्ये तिने जाहीर केलं की आपल्या संगणकांत चोर शिरले होते. ते २००५ पासूनच आत होते, हे पुढे कळलं. किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेली आणि त्यातली बरीच २००३ च्या खरेदीची होती. माल विकून, पैसे मिळून, सगळं मिटून वर्षं लोटली होती, तरी नंबर तिथेच होते. पावतीशिवाय माल परत करणाऱ्यांकडून घेतलेले ड्रायव्हिंग लायसन्सचे नंबरही गेले. कंपनीची दुकानं कॅनडातही होती. तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी सप्टेंबर २००७ च्या अहवालात म्हटलं की कंपनीने गरजेपेक्षा जास्त माहिती घेतली आणि गरजेपेक्षा जास्त काळ ठेवली. पुसलेला नंबर चोराला मिळत नाही. मी हे उदाहरण माझ्या वरिष्ठांना दाखवलं होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानाचं काय?

तिथे टोकन नाही, पण वही आहे. काउंटरवर “ताई, मोबाइल नंबर सांगा” हा प्रश्न बिलाआधी येतो. साध्या खरेदीच्या बिलासाठी नंबर देणं बंधनकारक नाही आणि मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही दुकानांना सांगितलं की नंबरासाठी अडून बसू नका. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन मागतात, ते मात्र प्राप्तिकराच्या नियमानुसार.

यूपीआयने पैसे दिले की दुकानदाराला तुमचं नाव दिसतं आणि अनेकांच्या यूपीआय आयडीतच मोबाइल नंबर असतो. पिनशिवाय त्यातून पैसे जात नाहीत, पण नंबर मात्र गेलाच. ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी बनवता येतो. मी बनवला आहे.

आणि कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. बुकिंगसाठी मागतात, ओळखीचा माणूस असतो, आपण पाठवतो. तो फोटो त्याच्या गॅलरीत, तिथून क्लाउडवर, आणि पुढचा फोन घेतला की त्या फोनवर.

आज माझा हक्क नेमका काय आहे?

२०११ चे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे नियम सध्या लागू आहेत. त्यांत बँक खातं, क्रेडिट-डेबिट कार्ड आणि इतर पेमेंटचा तपशील ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ धरला आहे. ज्या कामासाठी घेतली त्याला, किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्याला, लागेल त्याहून जास्त काळ ती ठेवता येत नाही. संमती लेखी मागे घेता येते. कंपनीने तक्रार अधिकारी नेमून एका महिन्यात तक्रार सोडवायची आहे. चौदा-पंधरा वर्षं हे कागदावर आहे आणि ग्राहक विभागात मला ते कुणी कधी सांगितलं नाही.

नवा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि त्या वेळच्या वेळापत्रकानुसार डिलीटच्या हक्कासह मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यात माहिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क थेट लिहिला आहे. अपवाद दुसऱ्या कायद्याने जपायला लावलेल्या माहितीचा. सुरक्षेत हलगर्जी केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

दोन कोटींहून जास्त नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ऑनलाइन दुकानांसाठी वेगळी तरतूद आहे. ग्राहक तीन वर्षं फिरकलाच नाही, तर त्याची माहिती आपणहून काढायची आणि ४८ तास आधी त्याला कळवायचं. पण याच नियमांत माहिती आणि नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची सक्तीही आहे, सरकारी यंत्रणांना गरज पडली तर म्हणून. डिलीटचा हक्क देणाऱ्या कायद्यानेच ही सक्ती घालावी हे मला खटकतं.

विनंती कशी लिहू?

‘सगळं डिलीट करा’ असं लिहू नका. त्याला ‘कायदेशीर कारण’ हे उत्तर तयार आहे. भाग पाडून लिहा. मी असं लिहिते:

“माझ्या खात्याशी जोडलेली सर्व टोकनं, यूपीआय आयडी आणि पत्ते काढून टाकावेत. मेसेज आणि मेलच्या सर्व याद्यांमधून, तुमच्या वतीने पाठवणाऱ्या कंपन्यांकडूनही, माझं नाव काढावं. करकायद्यासाठी बिलं ठेवणं आवश्यक आहे हे मला मान्य आहे. ती कोणत्या तारखेपर्यंत ठेवणार ते कळवावं. याखेरीज काही ठेवणार असाल तर प्रत्येक बाबीसाठी कायदा आणि कलम लिहावं. कार्डाच्या तपशिलासाठी दिलेली संमती मी या पत्राने मागे घेत आहे.”

बिलांचं आधीच मान्य केलं की समोरच्याची पळवाट बंद होते. हा मेल ग्राहक सेवेला न पाठवता तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पाठवण्याआधी तुमची बिलं आणि वॉरंटीची कागदं उतरवून घ्या, नाहीतर मिक्सर बिघडला की तुम्हीच अडकाल.

महिना झाला, उत्तर नाही. आता?

दुकानाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५; मराठीत बोलता येतं. बँक टोकनांची यादी दाखवत नसेल किंवा मँडेट रद्द करत नसेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी १४४४८. पैसेच गेले असतील तर आधी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन, बाकी सगळं नंतर. तिसऱ्या कुणाच्या चुकीने गेलेल्या पैशांबद्दल तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही.

मी लंडनला राहतो. तिथे हे सोपं आहे का?

हक्क जुना आणि पक्का आहे, उत्तर साधारण एका महिन्यात द्यावं लागतं. पण बिलांचा अपवाद तिथेही आहे, करासाठीच्या नोंदी ब्रिटनमध्येही वर्षानुवर्षं ठेवाव्या लागतात. वरचं पत्र तिथेही चालेल, कलमं तेवढी तिथली मागा.

वडील गेले. त्यांचं कार्ड तीन-चार दुकानांत सेव्ह आहे. काय करू?

आधी बँकेला कळवा. कार्ड बंद झालं की त्यावरची टोकनं चालत नाहीत, आणि मँडेट कुठली होती हे बँकेकडूनच कळतं. त्यानंतर दुकानांना लिहा. वॉलेटमध्ये किंवा गिफ्ट कार्डवर पैसे शिल्लक असतील तर खातं बंद करण्याआधी ते वारसाच्या खात्यात मागा. नव्या कायद्यात आपल्या पश्चात हे हक्क कुणी वापरायचे, ते नेमून ठेवायची सोय आहे. ती लागू होईपर्यंत दुकानं मृत्यूचा दाखला मागतात. दाखल्याची प्रत पाठवताना तिच्यावर आडवं लिहा: ‘फक्त खातं बंद करण्यासाठी’, खाली तारीख आणि दुकानाचं नाव. आणि त्याच मेलमध्ये लिहा की काम झाल्यावर ही प्रतसुद्धा काढून टाकावी.